देवाची वाट बघायची म्हणजे नेमकं करायचं काय?

पत्र :

ताई, जय ख्रिस्त. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, ट्रान्सप्लांटच्या लिस्टमध्ये नाव लावलंय. मी माझी किडनी द्यायला तयार होते पण ब्लड ग्रुप जुळला नाही. एवढी वर्षं प्रार्थना केली, उपास केले, मंडळीनेही खूप प्रार्थना केली. एका सभेत बाहेरून आलेल्या सेवकाने भविष्यवाणी केली की सहा महिन्यांत हे पूर्ण बरे होतील. ते सहा महिने कधीच उलटून गेले. आता फेलोशिपमधल्या दोघीजणी म्हणतात की तुमचा भरवसा मशीनवर आहे म्हणून देव काम करत नाही, विश्वासाने डायलिसिस बंद करून बघा. मिस्टर थकलेत, ते ऐकून नुसते गप्प बसतात. बाकीचे म्हणतात देवाची वेळ अचूक असते, धीर धर. धीर धरायचा म्हणजे करायचं काय ताई? हल्ली प्रार्थनेला बसलं की मला राग येतो, देवाचाच राग येतो, आणि मग भीती वाटते की ह्या रागामुळेच तो ऐकत नसेल. किडनी मिळू दे असं मागताना तोंडातून शब्द फुटत नाही, कारण ती मिळायची तर कुणीतरी मरायला हवं ना. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याने चर्चला यायचं बंद केलंय. आमच्या घरात सगळं 'ट्रान्सप्लांट झाल्यावर बघू' ह्याच्यावर येऊन थांबलंय. नाव छापू नका.

उत्तर :

जय ख्रिस्त ताई. तुम्ही धीराबद्दल विचारलंय आणि त्यावर मला पुष्कळ बोलायचंय, पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट थांबू शकत नाही म्हणून ती आधी घेते. डायलिसिस बंद करायचं नाही. एक सेशनसुद्धा मुद्दाम चुकवायचं नाही. किडनी काम करत नसते तेव्हा शरीरातलं जास्तीचं पाणी आणि पोटॅशियम बाहेर पडायला दुसरा रस्ताच नसतो, ते साठत जातं, पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. पूर्ण बंद केलं तर बहुतेक पेशंटच्या हातात काही दिवस, फार तर थोडे आठवडे उरतात. त्या दोघी तुमच्या वाईटावर नसतील, मनापासून बोलत असतील, पण त्या जे सांगतायत त्याने तुमचे मिस्टर मरतील, हे मी गोल गोल न फिरवता लिहिते कारण कुणीतरी तुम्हाला हे स्पष्ट सांगायलाच हवं होतं.

आणि हे फक्त डॉक्टरांचं म्हणणं आहे असं समजू नका, बायबलही त्या दोघींच्या बाजूने नाही. २ राजे २० मध्ये हिज्कीया राजा मरायला टेकलेला असतो, तो भिंतीकडे तोंड करून रडतो आणि देव यशया संदेष्ट्याला परत पाठवतो, सांगतो की तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझे अश्रू बघितले, तुझं आयुष्य १५ वर्षं वाढवतो. खुद्द देवाचा शब्द मिळाला! त्याच्या पुढच्याच वचनात यशया काय म्हणतो? अंजिराचा लेप आणा. तो गळवावर लावतात आणि राजा बरा होतो. देवाने बरं करतो म्हटल्यावर लेप कशाला, असा प्रश्न तिथे कुणालाच पडलेला नाही. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि सारख्या सारख्या येणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तुझा विश्वास कमी पडतोय असं लिहीत नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. आणि एक वचन तर माझ्या मते प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवायला हवं, २ तीमथ्य ४:२०, त्यात पौल एका ओळीत सांगून मोकळा होतो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. ज्या पौलाच्या हातून इतके लोक बरे झाले त्याच्या बरोबरचा माणूस आजारीच राहिला, आणि त्रफिमावर कुणी बोट ठेवलेलं नाही, पौलाच्या प्रार्थनेवरही नाही.

'विश्वास आहे ना, मग करून दाखव' ही भाषा सुवार्तेत एका ठिकाणी येते. मंदिराच्या टोकावर सैतान येशूला म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील, आणि वर स्तोत्र ९१ चं वचनही ऐकवतो. येशूचं उत्तर होतं, तू आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. तुम्हीही हेच उत्तर द्या, भांडण न करता, एकदाच. परत विषय निघाला तर पास्टरांना सांगा की ह्या दोघींशी बोला. हे ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर नको.

मिस्टर गप्प बसतात असं लिहिलंय त्याची मला जास्त काळजी वाटली. त्यांना मशीनचा कंटाळा आलाय, की 'विश्वास कमी' हे ऐकून स्वतःचीच लाज वाटायला लागलीय, की आपण घरावर ओझं झालोय असं वाटतंय? डायलिसिसच्या पेशंटमध्ये डिप्रेशन खूप असतं आणि त्याच्यावर उपचार होतात. शांतपणे विचारा, उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका, आणि नेफ्रोलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांच्या, कानावरही घाला. मिस्टरांनी 'मला आता डायलिसिस नको' असं म्हटलं तरी घाबरून वचनं ऐकवायला लागू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या आणि डॉक्टरांना बरोबर घेऊन बोला. जगायचंच नाहीये अशी भाषा आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

आता रागाचं. तुम्हाला वाटतंय तुमच्या रागाने देव तोंड फिरवून बसलाय. ताई, स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार... हे देवाच्या तोंडावर बोललेलं आहे आणि ते बायबलमध्ये ठेवलंय, तेही प्रार्थनांच्या पुस्तकात, म्हणजे मंडळीने एकत्र म्हणावं म्हणून. स्तोत्र १३ शेवटी निदान भरवशावर येतं, ८८ वं तेही करत नाही, अंधारातच संपतं, खाली कुणी गोड शेवट चिकटवलेला नाही. हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं की दुसऱ्याच वचनात तक्रार, मी किती ओरडू, तू ऐकतच नाहीस. यिर्मया तर एकदा म्हणतो देवा तू मला फसवलंस. हे सगळे अविश्वासू लोक होते का?

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचं बघा. त्याचे मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात आणि मला विचाराल तर त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच, कारण तोंड उघडल्यावर त्यांनी पुढची कितीतरी पानं त्याला हेच समजावलं की तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र चिडतो, ओरडतो, देवाला कोर्टात उभं करायची भाषा करतो. देव येतो तेव्हा त्यालाही खडे बोल ऐकवतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास म्हणून विचारतो. पण शेवटी ४२:७ मध्ये निकाल काय लागतो तर देव त्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले, आणि देवाशी भांडणाऱ्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. हे वाचल्यावर तरी स्वतःच्या रागाला घाबरणं सोडा. राग आल्यावर तुम्ही उठून निघून गेला असता तर वेगळी गोष्ट होती, तुम्ही तर रागवायला पण त्याच्याकडेच येताय. ऐकणारा आहे अशी खात्री आत कुठेतरी असल्याशिवाय माणूस कुणाशी भांडत नाही.

आणि मार्था मरीया. योहान ११ आपण नेहमी लाजर कबरेतून बाहेर येतो तिथून आठवतो, तुम्ही जरा अलीकडचं वाचा. लाजर आजारी आहे असा निरोप येशूला मिळतो, त्याचं ह्या तिघांवर प्रेम होतं असं स्पष्ट लिहिलंय, आणि तरी तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर येऊन गाठते आणि पहिलं वाक्य काय, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, पायाशी पडते आणि तेच वाक्य बोलते. मला नेहमी वाटतं की त्या चार दिवसांत दोघी बहिणींनी हेच वाक्य घरात एकमेकींना किती वेळा म्हटलं असेल. येशू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार हे त्याला माहीत आहे, तरी तो 'अगं रडू नको आता बघ काय करतो' असं म्हणत नाही, तो त्यांच्याबरोबर रडतो. उशीर का केला ह्याचं कारण तो शिष्यांना सांगतो, तुमचा विश्वास बसावा म्हणून, पण रडणाऱ्या मरीयेला कारण ऐकवत बसत नाही. तुमच्याभोवतीच्या लोकांनी एवढं जरी शिकलं ना तरी पुष्कळ होईल.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे की धीर धरणं म्हणजे तोंड मिटून हसतमुख राहणं नव्हे. बोला. रडा. स्तोत्र १३ रोज रात्री मोठ्याने वाचा, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर दाविदाचे वापरा. तेही नाही जमलं आणि नुसतं बसून उसासा टाकला तरी रोमकरांस ८:२६ मध्ये लिहिलंय की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मागतो. तुमच्या बाजूने प्रार्थना बंद पडली तरी ती पूर्ण बंद पडत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या पत्राच्या शेवटी लिहिलेल्या वाक्यात अडकलंय, ट्रान्सप्लांट झाल्यावर बघू. ह्याच्यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण मला वाटतं तुम्हाला आजाराने जेवढं थकवलंय तेवढंच ह्या थांबण्याने थकवलंय.

यिर्मया २९:११ तुम्हाला ढिगाने आलं असेल, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, भविष्य आणि आशा द्यायचे आहेत. व्हॉट्सॅपवर फुलांच्या फोटोवर छापून येतं. वचन खरं आहे, पण ते एका पत्रातलं मधलं वाक्य आहे, आणि पत्र ज्यांना लिहिलं ते लोक यरुशलेमेतून उचलून बाबेलला नेलेले कैदी होते. आता ह्याच्या एक अध्याय आधी, २८ मध्ये, हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार, मंदिराची भांडी, राजा, सगळे कैदी. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयाही आधी म्हणतो, आमेन, देव असं करो. पण ते देवाकडून नव्हतं. खरं पत्र आलं त्यात ७० वर्षं लिहिलेली होती. म्हणजे जे मोठे होते त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या डोळ्यांनी परत जाणं दिसणारच नव्हतं.

तुम्हाला सहा महिन्यांची तारीख देणाऱ्या सेवकाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तारीख चुकली ती त्यांची, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून ती चुकली असं कुणी म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नका. अनुवाद १८:२२ मध्ये सरळ नियम दिलाय, संदेष्टा देवाच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही तर ते देवाने सांगितलेलं नव्हतं. तिथे ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली नाही.

पण त्या ७० वर्षांच्या पत्रात देव त्यांना सांगतो काय करायला? ११ वं वचन सोडा, ५ पासून वाचा. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलं होऊ द्या, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे जिथे जायची इच्छा नव्हती, जे शहर आपलं नाही, तिथे पूर्ण जगा. सामान बांधून दाराशी बसू नका. देवाची वाट बघणं हे असं दिसतं, ताई. आशा सोडायची नाही आणि आजचा दिवसही सोडायचा नाही.

तुमच्या घरात डायलिसिस हेच सध्या बाबेल आहे. आठवड्यातले तीन दिवस ते घेणार, चार चार तास जाणार, नंतरचा थकवा वेगळा. पण उरलेले चार दिवस कुणाचे आहेत? त्यात मुलाचा वाढदिवस येतो, तुमच्या लग्नाचा वाढदिवस येतो, कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा. त्यातलं काय काय पुढे ढकललंय ते तिघांनी बसून लिहून काढा आणि जे आत्ता होऊ शकतं ते आत्ता करा, छोटं का होईना. मिस्टरांना पाण्याचं आणि खाण्याचं पथ्य असेल ते सांभाळून करा. फिरायला जायचं असेल तर दुसऱ्या गावच्या सेंटरमध्ये आधी कळवून डायलिसिसची सोय बऱ्याचदा करता येते, तुमच्या सेंटरला विचारा. ह्याने देवावरचा भरवसा कमी होतोय असं कुणी म्हटलं तर त्यांना यिर्मया २९:५ दाखवा.

योसेफाचंही आठवतं इथे. १७ वर्षांचा असताना भावांनी विकला, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. मधल्या काळात पोटीफराचं घर, खोटा आरोप, तुरुंग. आणि तुरुंगात तो काय करत होता तर काम करत होता, दुसऱ्या कैद्यांची व्यवस्था बघत होता, एका सकाळी दोघांचे चेहरे उतरलेले दिसले तर विचारतो की आज तुमची तोंडं अशी का. स्वतःची सुटका व्हावी म्हणून प्रयत्नही करतो, त्या दोघांपैकी फारोच्या प्यालेबरदाराला सांगतो की बाहेर गेलास की फारोला माझ्याविषयी सांग. म्हणजे देवावर भरवसा होता म्हणून माणसाला विनंती करायची नाही असं त्याला वाटलं नाही. तो माणूस विसरला, पुढची दोन वर्षं गेली, त्या दोन वर्षांत काय झालं ह्याबद्दल बायबल एक अक्षर लिहीत नाही. तुमची आत्ताची वर्षं मला तशी वाटतात, ज्यांच्याबद्दल साक्ष द्यायला उभं राहून सांगण्यासारखं काही नसतं. पण त्याच तुरुंगाच्या गोष्टीत आधी लिहून ठेवलंय की परमेश्वर योसेफाबरोबर होता. तुरुंगातून काढलं तेव्हा नाही, आत टाकलं तेव्हाच लिहिलंय.

किडनी मागण्याबद्दल. तुम्ही हे लिहिलंत त्यावरून तुमचं मन किती जपणारं आहे ते कळलं. कित्येक लोकांच्या हे डोक्यातही येत नाही. पण नीट बघा, तुम्ही कुणी मरावं असं मागत नाही आहात. जे मृत्यू होतात ते अपघाताने होतात, मेंदूतल्या रक्तस्रावाने होतात, तुमच्या प्रार्थनेने नाही, आणि तुम्ही प्रार्थना थांबवली म्हणून ते थांबणारही नाहीत. तुम्ही मागताय ती त्याच्या नंतरची गोष्ट, की अशा घरातल्या लोकांनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात 'हो, द्या' असं म्हणावं. मग त्यांच्यासाठी आत्तापासूनच प्रार्थना करा. तुम्हाला त्यांचं नाव माहीत नाही, बहुधा कधी कळणारही नाही, देवाला माहीत आहे. त्यांना बळ मिळो, त्यांच्या माणसाला शेवटपर्यंत नीट वागवलं जावो, नंतर त्यांचं सांत्वन होवो. मला वाटतं हे शब्द तुमच्या तोंडून फुटतील, आणि ते म्हणता म्हणता मिस्टरांसाठीही मागता येईल.

आता जे बोलायला अवघड आहे ते. नाहीच मिळाली तर? तुम्ही हा प्रश्न विचारला नाहीत पण तो तुमच्या पत्रात सगळीकडे आहे. मी तुम्हाला नक्की मिळेल असं लिहू शकत नाही, तसं लिहिलं तर माझ्यात आणि हनन्यात फरक काय. पौलाने आपल्या देहातला काटा काढ म्हणून तीन वेळा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. गेथशेमानेत येशूनेही तीन वेळा तीच प्रार्थना केली, शक्य असेल तर हा प्याला टळू दे, आणि प्याला टळला नाही. देवाच्या स्वतःच्या पुत्राला जिथे नाही असं उत्तर मिळालं तिथे नाही म्हणजे देवाचं प्रेम नाही असा हिशोब लावता येत नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीसमोर उभे राहून राजाला म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हे 'नाही सोडवलं तरी' म्हणणाऱ्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

ख्रिस्ती माणसाची आशा एका ऑपरेशनवर संपत नाही. लाजर उठला, पण पुढे कधीतरी तो परत मेलाच असणार. मिस्टरांना उद्या किडनी मिळाली तरी ती कायमची नसते, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, काही वर्षांनी परत प्रश्न उभा राहू शकतो. आपला शेवटचा भरवसा आहे तो येशू कबरेतून उठला ह्याच्यावर, आणि आपण त्याच्याबरोबर उठणार ह्याच्यावर. हे मी तुम्हाला गप्प करायला सांगत नाहीये. मला हे खरं वाटतं म्हणून सांगतेय, आणि ते खरं असूनही तुम्ही किडनीसाठी रोज, चिकाटीने, त्या विधवेसारखं न्यायाधीशाचं दार वाजवत राहायचं आहे. लूक १८ मध्ये येशूने ती गोष्ट सांगितलीच मुळी खचून न जाता प्रार्थना करत राहावी म्हणून.

स्वतःकडेही बघा जरा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, दूताने उठवून खायला घातलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. बोलणं नंतर झालं. तीन वर्षं तुम्ही पूर्ण रात्र कधी झोपलात? मंडळीतले लोक काही लागलं तर सांगा म्हणतात ना, तर सांगा. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात दुखायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर त्याला 'धीर धर' म्हणाले नाहीत, त्यांनी त्याच्या खाली दगड ठेवला, दोन बाजूंनी हात धरले आणि सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. तसं ठरवून मागा. महिन्यातून चार सेशनला दुसऱ्या कुणीतरी मिस्टरांबरोबर जायचं, अमक्याने बुधवारी, तमक्याने शनिवारी. पास्टरांना यादी करायला सांगा, तुम्ही करू नका. आणि त्या वेळात घरातलं काम काढू नका, झोपा.

मुलाला चर्चला ओढू नका. चौदा वर्षांच्या मुलाला बाबा मरतील का हे विचारायचं असतं आणि तो विचारतो 'देव ऐकतो का'. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या, आजार काय आहे, मशीन काय करतं, धोका कुठे आहे, खरं खरं. बाबांबरोबर एकदा डायलिसिसला जायचंय का विचारा, नाही म्हणाला तर राहू दे. देवाची इच्छा, देव परीक्षा घेतोय, ही वाक्यं त्याच्यासमोर नकोत, त्याला त्यातून असा देव कळतो जो त्याच्या बाबांना मुद्दाम त्रास देतो. त्याऐवजी तुम्हालाही राग येतो हे त्याला सांगा. आई चिडते आणि तरी प्रार्थना करते हे त्याला माहीतच नसेल, तो समजत असेल की घरात शंका असलेला मी एकटाच. मार्क ९ मधला तो बाप, ज्याचा मुलगा लहानपणापासून आजारी होता, येशूला म्हणतो मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने आधी अविश्वास पूर्ण जाऊ दे मग बघू असं म्हटलं नाही, त्याच्या मुलाला त्याच वेळी बरं केलं. एवढं वचन मुलाला दाखवा आणि विषय सोडून द्या. तुमच्या चर्चमधला एखादा शांत, कमी बोलणारा दादा असेल तर त्याच्याबरोबर त्याला खेळायला जाऊ द्या.

राहिलं लिस्टचं. ह्या आठवड्यात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, मिस्टरांचं नाव लिस्टवर आत्ता चालू आहे का, कारण तपासण्या जुन्या झाल्या किंवा मधे इन्फेक्शन झालं तर नाव तात्पुरतं थांबवलेलं असू शकतं आणि घरच्यांना ते लक्षात येत नाही. दुसरं, तुमचा ब्लड ग्रुप जुळत नाही म्हणून विषय संपला असं समजू नका, स्वॅप ट्रान्सप्लांट होऊ शकेल का ते विचारा. त्यात तुमच्यासारखीच दुसरी जोडी शोधतात, तुमची किडनी त्यांच्या पेशंटला आणि त्यांची तुमच्या मिस्टरांना. ब्लड ग्रुप वेगळा असला तरी काही ठिकाणी विशेष उपचार देऊन ट्रान्सप्लांट करतात, तेही विचारून घ्या, खर्च आणि धोका दोन्ही समजून घ्या. अर्थात आधी तुमच्या तपासण्या होऊन तुम्ही द्यायला फिट आहात हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. ते काय म्हणतात ते मला कळवा, आणि मिस्टरांचं आणि मुलाचं पाळण्यातलं नाव लिहून पाठवा, इथे छापणार नाही, माझ्या प्रार्थनेच्या वहीत लिहीन.